शिमग्यातले ठोकळे

मिस्त्रीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नाही. माणूस कधीचा वारला. त्याच्या बाराव्याला मी गेलो नाही. का गेला नाहीत, असं बायकोने विचारलं तेव्हा पाय दुखतोय म्हणून सांगितलं. पाय ठणठणीत होता.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. डिप्लोमाचा कागद घेऊन मी अंधेरीतल्या एका कंत्राटदाराकडे ओव्हरसीअर म्हणून चिकटलो. वर्सोव्याच्या अंगाला एका कोळीवाड्यासमोर दर पावसाळ्यात समुद्र किनारा खात होता, तिथे टेट्रापॉड टाकायचं काम निघालं होतं. टेट्रापॉड म्हणजे काँक्रीटचं चार पायांचं अवजड धूड. कसंही टाका, ते तीन पायांवर बसतं आणि चौथा पाय वर राहतो. एकाच्या तंगड्यांत दुसऱ्याच्या तंगड्या अडकवत त्यांची रांग रचली की लाट त्यांच्या फटींत शिरते, आतल्या आत फुटते आणि पलीकडे पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला असतो.

ती आम्ही किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत ओतायचो. लोखंडी साचे, त्यांत काँक्रीट, दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा, ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि जवळजवळ महिनाभर पाणी मारत राहायचं. प्रत्येकावर लाल रंगात नंबर आणि तारीख. मग ओहोटी बघून क्रेनने उचलून जागेवर. क्रेनवाल्याला हाताच्या खुणा करायचा तो मिस्त्री. मालवणकडचा, पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटकुळा. दोन टनांचं धूड तो नुसत्या करंगळीने फिरवायचा. एखादं मनासारखं बसलं नाही की क्रेनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून परत उचलायला लावायचा. मी त्याच्यावर लट्टू होतो, हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

काँक्रीट ठीक आहे की नाही हे कळण्यासाठी त्याच मालाचे सहा इंच लांबीरुंदीचे चौकोनी ठोकळे भरायचे असतात. ते टाकीत पाण्यात ठेवायचे आणि सातव्या दिवशी प्रयोगशाळेत नेऊन यंत्राखाली फोडायचे. किती दाब सोसला त्यावरून मालाची ताकद ठरते. ठोकळे मिस्त्री स्वतः भरायचा. मिक्सरमधून घमेलंभर माल घेऊन आपल्या खोपीमागे सावलीत जायचा. "उनात भरलंस तर चिर पडता रे झिला," म्हणायचा. मला वाटायचं, काय हा माणूस! कोण करतं एवढं?

ते तीन ठोकळे गोणीत घालून अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत न्यायचं काम माझं. गोणी पंचवीस किलोची. रिक्षावाले नाकं मुरडायचे, एकाने तर "डेडबॉडी है क्या?" म्हणून विचारलं होतं. रिपोर्ट दर वेळी झकास. प्रयोगशाळेतला माणूस म्हणायचा, "यार, तुमच्या मिस्त्रीला इकडे पाठवा, जरा पाया पडतो." तो कागद खिशात घालून मी परत यायचो तेव्हा मीच समुद्र अडवलाय अशा थाटात चालायचो. सकाळचा अर्धा दिवस त्यात जायचा, आणि नेमका त्याच सकाळी गोदामाकडे एक टेम्पो येऊन गेलेला असायचा. "तू जा, हय मी आसंय," असं म्हणून मिस्त्री मला पाठवायचा, आणि परत आलो की आपल्या डब्यातली सुक्या बांगड्याची चटणी माझ्या ताटलीत वाढायचा.

साइटला लागून पहिलंच घर एका कोळणीचं होतं. नवरा समुद्रात बुडालेला, एक बोट दिराबरोबर अर्ध्या वाट्याने. सुरुवातीला ती मला सायब म्हणायची, तेही चिडवण्यासाठी, कारण मला मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. पुढे बाला म्हणू लागली. दुपारी पाणी मागायला गेलो की आधी चार शिव्या द्यायची, मग पाणी.

मार्चमध्ये मिस्त्री शिमग्याला गावी गेला. आठ दिवसांची रजा सांगून गेला म्हणजे पंधरा दिवस, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. काम थांबलं नाही, तेव्हा ठोकळे मी भरले. मिक्सरचा माल घेतला, तीन थरांत भरला, प्रत्येक थर पुस्तकात लिहिलाय तसा सळईने ठोसला. सावलीतच भरले. सातव्या दिवशी गोणी उचलून अंधेरीला नेली.

तिन्ही ठोकळे पाहिजे त्याच्या निम्म्या दाबालाच भुगा झाले. यंत्राने नीट कुरकूरसुद्धा केली नाही. प्रयोगशाळेतला माणूस माझ्याकडे बघून हसला. "या वेळी कोणी भरले? तू ना?"

आणि इथे मी जी चूक केली तिला तोड नाही. माल खराब असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, माझा हात खराब. तीन वर्षं शिकून आलो आणि साधे ठोकळे भरता येत नाहीत. परतताना रिक्षात मला रडू येत होतं.

मिस्त्री आला तो ओले काजूगर घेऊन. मी खाली मान घालून रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने तो बराच वेळ बघितला, आकडे नीट वाचता येत नव्हते तरी. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हात बसाक येळ लागता, झिला. मी परत भरून देतंय. ह्यो कागद कोणाक दाखवू नको, तुझीच अब्रू जायत." मी कागद त्याच्यासमोरच फाडला. त्याने नवे ठोकळे भरले, मी मागची तारीख घालून नेले आणि अर्थातच ते झकास निघाले. मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते.

शिमग्याच्या दिवसांतला तो सगळा माल एप्रिल अखेरीस कोळणीच्या घरासमोर, लाटांचा मार सगळ्यात जास्त असतो तिथे, बसला. मे महिन्यात तिने मला हाक मारली. बोटी वर काढायची वेळ आली होती, पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत धंदा बंद. तिने कर्ज काढून नवी जाळी घेतली होती, सगळी नायलॉनची. दर वर्षी पावसाळ्यात ती आपली जाळी मढला बहिणीकडे नेऊन ठेवायची, खाडी ओलांडून, होडीने, दोन-तीन खेपा करून. या वर्षी कंबर धरली होती. "बाला, मना खरं सांग. जाली हितंच ठेवू का मढला नेऊ?"

"कशाला नेतेस?" मी म्हणालो. "ठोकळे मी स्वतः तपासून आणलेत. इथे पाणी येणार नाही."

"तू बोलतंस म्हनून हां," ती म्हणाली, आणि जाळी पुढच्या खोलीत रचून ठेवली.

जूनच्या अमावस्येचं उधाण भर दुपारी आलं. पाच-सहा लाटांतच तिच्या घरासमोरच्या रांगेतल्या एकाचा वरचा पाय गळून पडला. मग शेजारच्याचा, आणि मग तिथली पूर्ण रांगच विस्कटून खाली बसली. बाकी सगळीकडे पाणी फुटत होतं, तिथून मात्र सरळ आत येत होतं. लोकांनी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं. पुढची भिंत बसली, आणि जाळी परतत्या पाण्याबरोबर निघून गेली. माणूस कोणी गेलं नाही, म्हणून साइटवरचे सगळे सुटलो म्हणाले.

पाणी उतरल्यावर मी तुटलेल्या पायापाशी गेलो. आतला भाग बोटाने खरवडला तर वाळूसारखा सुटत होता, रंग चुलीतल्या राखेचा. मी तसाच मिस्त्रीच्या खोपीत गेलो. त्याच्या खाटेखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सिमेंटची एक गोणी कायम असायची. कडा फुटल्या तर डागडुजीला, असं तो सांगायचा. मी तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. थंड, पिठासारखं मऊ, हिरवट छटेचं खरं सिमेंट. गोदामातली गोणी उघडून बघितली तर तिचं तोंड दुसऱ्यांदा शिवलेलं, आणि आत अर्धी राख. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं आणि बाहेर त्याला सोन्याचा भाव होता. मी अंधेरीला गेलो की सकाळी टेम्पो का यायचा आणि खोपीमागच्या सावलीत ठोकळ्यांच्या मालात काय मिसळलं जायचं, ते मला तेव्हा कळलं. माझे ठोकळे बरोबर होते. त्या साइटवर बरोबर एवढी एकच गोष्ट झाली होती, आणि ती मी माझ्या हाताने फाडून टाकली होती.

मिस्त्री दारात उभा होता. मी काय बोललो ते मला आठवत नाही, आई-बहीण सगळं काढलं असणार. त्याने ऐकून घेतलं. मग खरोखरच नवल वाटल्यासारखा म्हणाला, "म्हणजे तुका म्हायत नव्हता? अरे, तू कागद फाडलंस, तेवाच माका वाटला, पोराक समाजला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. त्याने चोरी केली याचं मला एवढं वाटलं नाही, चोर पुष्कळ बघितले. पण त्या दिवसापासून तो मला त्यांच्यातलाच एक समजत होता, आणि पुढची सगळी चटणी वाटेकऱ्याला वाढलेली होती. आणि कंत्राटदाराकडे जाऊन मी सांगणार काय? सगळ्या रिपोर्टांखाली सही माझी, मागची तारीख माझ्या अक्षरात. उधाण फार मोठं होतं असा अहवाल वर गेला. त्याच्याखालीही मी सही केली.

दोन दिवसांनी कोळणीकडे गेलो. ती पडक्या भिंतीशी बसून, टेट्रापॉडच्या फटींतून काढून आणलेल्या जाळ्याच्या हातभर तुकड्याच्या गाठी सोडवत होती. मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्या खायलाच गेलो होतो. तिने नुसतं वर बघितलं.

"सायब," ती म्हणाली, "तुमी तपासून आनलंवतं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा गाठ सोडवायला लागली.