रजेची रंगीत तालीम

आमच्या ठाण्यातले जमादारभाऊ अस्वलाले भेत नोते, पण साहेबाले भेत. मिशा अशा का गावातले पोट्टे पाहूनच पळत. पण साहेबासमोर गेले का जीभ टाळूले चिकटलीच. एकडाव रजा मागाले आत गेले अन् कंदिलाची काच मागून बाहेर आले.

हे ठाणं गडचिरोलीकडच्या जंगलात. ऐंशीच्या पुढचं कोणतं तरी साल. मी नवा शिपाई, बावीस वर्साचा. दिवसाले एक एसटी, तेबी तिच्या मनात आलं तं. माणसं आठ अन् काम वीस माणसाचं. साहेब होते घाटावरचे, पुण्याकडचे. कोणी रजा मागतली का ते चष्मा काढत, रुमालानं पुसत, अन् म्हणत, "माणसं कुठायत? सागाच्या झाडांना टोप्या घालून बंदोबस्ताला उभं करू का?"

शाळेत हेडमास्तरची नक्कल करून मी बम छड्या खाल्ल्या होत्या. इथी त्याच कलेवर मले वरतून भात भेटे. जेवाले बसलो का कोणी म्हणे, "होऊन जाऊ दे बे." मी खाटेवर बसून साहेबासारखा चष्मा पुसाचो, सागाच्या झाडाचं बोलणं काढाचो, लोकं ताट वाजवत. दिवसभराचा ताप असाच उतरे.

पण त्या महिन्यात भाऊ हासेचनात. पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं चंद्रपूरले. पोरगा ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या क्वार्टरातला, पगारदार. दोनदा तारीख काढली, दोनदा भाऊले रजा नाई, दोनदा मोडली. पोरगी म्हणे, बाप नाई तं साक्षगंध नाई. अन् पोराकडचे म्हणे, या रविवारी नाई झालं तं आमाले दुसऱ्या पोरी हायेत. भाऊचं जेवण सुटलं. एकच रायफल दिवसातून चारदा पुसत. कोणी 'काऊन भाऊ' म्हटलं का अंगावर येत.

बुधवारी साहेब ओ.आर. घेत. म्हणजे एकेकानं आत जाचं, सलाम मारून आपली अडचण सांगाची. सोमवारी मी म्हटलं, "भाऊ, मी साहेब होतो. तुमी माह्यासमोर रजा मागून पाहा."

"चाल हट, नौटंकी!"

पण आले. पयल्या खेपेले माह्यासमोरबी त्याईले घाम फुटला. "काई नाई साहेब, सहजच आल्तो," म्हणून माघारी फिरले. आमी पुन्हा धरून आणलं. मंगळवारपर्यंत तोंड उघडलं. मी सागाचं झाड काढलं तसे भाऊ तापले, "ए पोट्ट्या, जादा बोलू नको. सई कर!"

"भाऊ, साहेबाले असं म्हणान तं कायमची रजा भेटन."

पण त्याईले गोडी लागली. मी झाडावर आलो का भाऊचं ते वाक्य आलंच. पंधरा-वीसदा तरी झालं असन. त्या दिवशी ते दोनदा भात घेऊन जेवले.

बुधवारी आमी उघड्या दाराबाहेर लायनीत. आत भाऊचा आवाज खणखणीत. "साहेब, पोरीचं साक्षगंध हाय. रविवारी. चार दिवस रजा पायजे."

आमी एकमेकाले कोपर मारलं. साहेबानं चष्मा काढला. पुसला.

"माणसं कुठायत? सागाच्या झाडांना टोप्या..."

"ए पोट्ट्या, जादा बोलू नको. सई कर!"

साहेबाचा रुमाल थांबला. भाऊचं तोंड चुन्यावानी झालं.

"काय म्हणालात?"

"तुमाले नाई साहेब. त्याले." भाऊनं दाराकडं बोट केलं. "त्याच्यासंग प्रॅक्टिस करून राह्यलो होतो."

मले आत बोलावलं. "दाखव."

"साहेब, मी..."

"दाखव म्हणतो ना!"

चष्मा तं नोताच. रिकामी बोटं पुसली अन् सुरू झालो. आवाज थरथरला, पण सूर तोच लागला, काय करू! साहेबानं आपलीच नक्कल पुरी पाह्यली. मंग भाऊले इचारलं, "मी असा बोलतो?"

भाऊची जीभ दोन दिवसात अशी सुटली होती का आता थांबेना. "नाई साहेब. हे पोट्टं थोडं कमी करते."

साहेब अगोदर खोकले. मंग हासले, असे हासले का चष्मा खराच पुसा लागला. "माझा रजेचा अर्ज वरून तीनदा परत आलाय," ते म्हणाले. "मलाही हेच ऐकावं लागतं. फक्त झाडं नसतात त्यात." अन् सई केली. चार दिवस.

मंग माह्याकडं पाह्यलं. "तू दोन माणसांसारखा बोलतोस ना? मग चार दिवस दोन माणसांचं काम कर. जमादारांचा पहारा तुझा."

शनिवारी भाऊ ट्रंक घेऊन एसटीत बसले. नवा पांढरा शर्ट, मिशीले तेल. खिडकीतून हळूच म्हणे, "पोट्ट्या, याह्यासमोर, पोराच्या बापासमोर, जीभ अडकली तं कसं?"

"याही कसे बोलतेत?"

"नाकातून."

कंडक्टरनं घंटी मारली. मी गाडीसंग पळत-पळत नाकातून इचारलं, "काय जमादार, पोरीले सैपाक येते का?"

"येते ना जी!" भाऊ खिडकीतून वरडले. "तुमाले खाता आला पायजे!"

बसमधले सारे हासाले लागले.