जोत्यावरच थांबलेलं घर

माझे आजोबा म्हणजे देवमाणूस, असं ते गेल्यापासून मला रोज कुणीतरी ऐकवतं. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात दातओठ खाते.

आजोबा गवंडी. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. काम घेतलं की आजीला आणि चार भांड्यांना घेऊन ते त्या अर्धवट घरातच मुक्काम ठोकायचे. नव्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, आणि दुसऱ्या कुणी मारलेलं पाणी त्यांना पटायचं नाही. शिवाय भाडं वाचायचं. दारं-खिडक्या बसल्या, रंगाचा वास गेला, की घरमालक हजर आणि ही दोघं गाठोडी उचलून पुढच्या घरी. माझी आई अशाच एका बिनछपराच्या घरात रांगायला शिकली.

"स्वयंपाकघर बांधावं तर मिस्त्रींनीच," असं बायका अजून म्हणतात. अहो, ती सगळी करामत आजीची! प्लास्टरच्या आधी तिचा स्टोव्ह तिथे पेटायचा आणि ती आजोबांच्या मागे लागायची. "ओटा एका विटेनं खाली घ्या, पीठ मळताना खांदे भरून येतात." "खिडकी तिथे नको हो, वाऱ्यानं स्टोव्ह विझतो." आजोबा कुरकुरत भिंत फोडायचे. नाव मात्र मिस्त्रींचं.

म्हातारपणी का होईना, त्यांनी गावाच्या टोकाला तुकडाभर जागा घेतली. जोतं बांधून झालं. आजीनं त्यावर खडूनं ओटा आखून ठेवला. विटाही येऊन पडल्या. मग बेकरीवाला आला. "मिस्त्री, पावसाआधी बेकरीची भिंत झाली नाही तर मी मेलो." दिल्या विटा. पुन्हा जमवल्या, तर मास्तरांची माडी अडली. दिल्या. दर वेळी आजोबांचं एकच, "आपलं काय, आपलं कधीही होईल."

आपलं म्हणे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं? डोक्यावर घमेली वाहून त्या विटा निम्म्या तर आजीनं कमावल्या होत्या. दुसऱ्याच्या भिंतीला पाणी कमी पडलं की आजोबांची जीभ सुरीसारखी चालायची. विटा परत मागताना मात्र तीच जीभ टाळूला चिकटायची.

बेकरीवाल्याच्या नव्या घराचं काम संपत आलं आणि आजोबा गेले. आजी तिथेच राहत होती. तिसऱ्या दिवशी बेकरीवाला भेटायला आला, डोळे पुसले आणि जाता जाता म्हणाला, "काही घाई नाही हं काकू. फक्त महिनाअखेरीला किल्ली मिळाली तर बरं होईल."

आई आता नाही, आणि माझ्या एका खोलीत आम्ही पाचजण पाठीला पाठ लावून झोपतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शोकसभेला शाळेचा हॉल भरला. मिस्त्रींनी स्वतःच्या घराच्या विटा लोकांना दिल्या, हे सांगताना एकाला तर हुंदका आला. शेवटी अध्यक्षांनी ठराव मांडला, बाजारातल्या चौकाला आजोबांचं नाव द्यायचं. तेव्हा आजी उठली.

"विटा त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या. माझ्याही होत्या," ती म्हणाली. "चौकाला नाव देताय, खुशाल द्या. पण मग मी अंथरूणही चौकातच टाकू का? महिना संपला की मला छप्पर नाही. माझं जोतं तयार आहे. त्यावर भिंती कोण उभ्या करतंय, तेवढं सांगा."

कुणी घड्याळ बघितलं, कुणी चपला. मास्तर माझ्याकडे वाकून पुटपुटले, "दुःखात माणूस काहीही बोलतं. त्यांना जरा पाणी दे."

"तुमच्या माडीवर किती खोल्या रिकाम्या आहेत, मास्तर?" मी विचारलं. ते सरळ होऊन बसले.

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि ठराव पुन्हा वाचला. टाळ्यांच्या कडकडाटात तो एकमतानं मंजूर झाला. सगळ्यात जोरात टाळ्या बेकरीवाल्याच्या होत्या.