दोन तांबे पाणी

वामनराव मास्तरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या स्नेह्यांनी चार शब्द लिहून एकत्र छापावेत असे ठरले आणि पहिल्या लेखाचे काम माझ्या गळ्यात आले. शाळेत मी त्यांचा सहकारी, वयाने धाकटा, आणि बागकामात त्यांचा सर्वांत ढ विद्यार्थी. या शेवटच्या नात्याच्या अधिकाराने लिहितो.

रत्नागिरीकडून येऊन मी ठाण्याच्या शाळेत रुजू झालो, त्या दिवशी वामनरावांनी मला माझे गाव, परीक्षा, पगार यांपैकी काहीच विचारले नाही. बिऱ्हाड कोठे घेतले एवढेच विचारले, आणि मी खाडीच्या बाजूला म्हणताच म्हणाले, "मग विहिरीचे पाणी मचूळ असणार. झाडांना ते घालू नका." मजजवळ तेव्हा एकही झाड नव्हते. गृहस्थ जरा चक्रम दिसतात, असे मी मनात म्हटले. पुढे कळले की निम्म्या ठाण्याच्या परसांची खबर त्यांना असते. कोणाची जास्वंद कळ्या गाळते, कोणाचा गुलाब नुसता काट्यांवर गेला आहे, हे त्यांना तोंडपाठ. कळव्याच्या एका शेतकऱ्याकडून ते खार न लागलेली माती होडीने आणवीत आणि मागेल त्याला टोपलीभर देत. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीचे मास्तर तंबाखू मळत बसलो की हे शाळेच्या कुंपणाशी शेवंतीचे शेंडे खुडत उभे. शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि फुले वाढतात, असे ते सांगत. मला तो निव्वळ दुष्टपणा वाटे.

माझा हा समज माझ्याच परसात फिटला. आमची लेक गोदू सासरी कल्याणला जाण्यापूर्वी तिने परसात मोगऱ्याचे रोप लावले होते. ती गेली आणि माझ्या कुटुंबाने सगळी माया त्या रोपावर ओतली. तांदळाचे धुवण, शेणाचे पाणी, शिवाय सकाळ-संध्याकाळ गोड्या विहिरीची घागर. तीन वर्षांत मोगरा माझ्या छातीला लागला, हिरवागार झाला, पण फूल म्हणून एक नाही. अशात मार्गशीर्षात कल्याणहून पत्र आले की गोदूला दिवस गेले आहेत. चैत्रात आमच्या घरी तिची फुलांची वाडी भरायची होती. पहिलटकरणीला डोक्यापासून हातापर्यंत फुलांचे दागिने घालायचे, आणि ते गोदूच्याच मोगऱ्याचे असावेत, असे तिच्या आईने मनात धरले. मला फारशी आशा नव्हती. तरी वामनरावांना बोलावले.

त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि हा खाऊनपिऊन सुखी आहे, फुलायची त्याला गरजच वाटत नाही, असे निदान केले. माघापर्यंत पाणी तोडायचे, मग पाने खुडून फांद्या छाटायच्या, मुळे चार दिवस उन्हात उघडी ठेवायची, आणि त्यानंतर खत-पाणी. दाराआडून कुटुंबाने मला, म्हणजे खरे तर त्यांना, ऐकवले की लेकीचे झाड आहे, असले हाल करवणार नाहीत. वामनरावांनीही मलाच उत्तर दिले की लेकीचे आहे म्हणूनच सांगतो.

पौषात ते पुन्हा आले. झाडाला कोवळी पालवी फुटली होती. त्यांनी बुंध्याशी बोट खुपसले आणि माझ्याकडे पाहिले.

"माती वरून कोरडी आणि खाली ओली. असा पाऊस ठाण्यात पडत नाही, मास्तर."

पहाटे पाणी घालून वर कोरडी माती पसरायची, हा उद्योग माझ्या घरात महिनाभर चालला होता आणि मला पत्ता नव्हता. मी तोंड सोडणार तोच त्यांनी हाताने थांबवले. दाराआडून रडका आवाज आला, "तहानलेलं बघवत नाही हो मला. ती तिकडे, आणि हे इथे असं."

वामनराव बोटाची माती झटकून निघून गेले. ते रागावले असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेआधी ते चार कुंड्या घेऊन हजर. त्यांत गुलाबाच्या नुकत्याच लावलेल्या काड्या होत्या. त्या ओट्यावर ठेवून दाराकडे पाहत म्हणाले, "वहिनी, ह्यांना रोज पाणी लागते. प्रत्येकीला दोन तांबे. तिसरा नाही."

त्या दिवसापासून मोगऱ्याला कोणी चोरून पाणी घातले नाही. झाडाचे दुखणे सगळ्यांना दिसत होते. माणसाचे दुखणे ओळखून त्यावर उपाय करणारा हा एकच माळी मी पाहिला.

पण गेलेला महिना गेलाच. वाडीच्या दिवशी मोगऱ्यावर मोजून अकरा कळ्या उमलल्या. कुटुंबाने त्या ताटात ठेवल्या आणि ती गोदूकडे पाठ करून उभी राहिली. इतक्यात वामनराव ओल्या फडक्याने झाकलेली टोपली घेऊन आले. काठोकाठ मोगरा. गोदूची अकरा फुले मधोमध गुंफा, बाकीची कडेने, एवढे सांगून ते फराळालाही थांबले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर परसात एक कळी उरली नव्हती. पत्नी गेल्यापासून हा एकटा माणूस रोज तिच्या तुळशीपुढे ओंजळभर मोगरा ठेवी. त्या दिवशी तिथे नुसती उदबत्ती होती.

आमचा मोगरा ज्येष्ठात गोदूच्या मुलीच्या बारशाला फुलला, आणि असा फुलला की शेजारी वाटून दमलो.

गेल्या महिन्यात वामनरावांच्या छातीत कळ आली. वैद्यबुवांनी घागर उचलायची बंदी केली. आम्ही दोघे समाचाराला गेलो तर हे अंथरुणावर अगदी शहाण्यासारखे पडलेले, मात्र धोतराचा सोगा ओलाचिंब. इतकी वर्षे दाराआडून बोलणारी माझी बायको तडक त्यांच्यापुढे गेली आणि आपला लहान तांब्या त्यांच्या उशाशी ठेवला.

"दिवसाला दोन. तिसरा नाही. बाकीच्या झाडांचं आम्ही बघू."

"बरे, वहिनी," वामनराव म्हणाले. इतके निमूटपणे कोणाचे ऐकताना मी त्यांना प्रथमच पाहिले.

गोदूची मुलगी आता आठ वर्षांची आहे. परवा आजोळी आली तेव्हा तिनेही एक रोप लावले. तिची वाडी भरायला अजून बरीच वर्षे आहेत, आणि त्या दिवशी ओल्या फडक्याने झाकलेली टोपली घेऊन वामनरावांनीच यायचे आहे. तेवढे आयुष्य आणि तेवढी ताकद देवाने त्यांना द्यावीच, हे माझे आणि माझ्या घरचे मागणे आहे. तोवर रोज दोन तांबे. तिसरा नाही.