आईच्या कॅन्सरचं कारण शोधणाऱ्यांना

“रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी टिश्यूचा डबा आईपुढे सरकवला. आईने तो माझ्यापुढे सरकवला.

“मला वाटलंच होतं,” आई त्यांना इंग्रजीत म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, “का झालाय, तेही मला माहीत आहे.”

कॅन्सरवर औषध निघालं. या दुसऱ्या वाक्याने मात्र माझ्या आईला जवळजवळ मारलं होतं, म्हणून हे लिहितेय.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. शिकागोच्या आसपासच्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या बायकांना आजारपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून मी गेटवर उभी राहून पत्रकं वाटते. पत्रकाचा नियम सोपा असतो: मागणी एकच आणि ती आधी सांगायची. माझी मागणी अशी आहे. आजारी माणसाला त्याचं पाप विचारू नका. ख्रिस्ती म्हणवत असाल तर अजिबात विचारू नका.

आई नगरला मिशनच्या हॉस्पिटलात शिकलेली नर्स. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला आल्यावर ती म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये लागली. पप्पा मी शाळेत असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. छातीतली गाठ तिची तिलाच लागली होती हाताला, बर्फ पडायच्या कितीतरी आधी. नर्स असून ती बोलली नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरने दुसऱ्याच कशासाठी तरी तपासलं, तेव्हा उघडकीला आलं.

मग बायोप्सी. म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. दुखतं, पण रिपोर्टची वाट बघण्याइतकं नाही. गाठ काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती, पुढे नाही. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन. औषध द्यायला छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात. “बरं होण्यासारखं आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण केमो अर्धवट सोडायची नाही.”

आईने मान हलवली. मला ती मान आवडली नाही.

तिचं कारण तिने गाडीत सांगितलं. आजी नगरला वारली तेव्हा आमची ग्रीन कार्डची कागदपत्रं मधेच अडकली होती. त्या वेळी देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल की नाही, हे वकीलही छातीठोक सांगेना. आई गेली नाही. मामाने आजीला एकट्याने माती दिली. त्या दिवशी आई इथे कुणाच्या तरी आजीला आंघोळ घालत होती.

“आईबापांचा मान राखायचा, ही आज्ञा आहे,” आई म्हणाली. “मी मोडली.”

आता मला एक गोष्ट लख्ख कळली. आमची फेलोशिप, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांची मंडळी, एका चर्चच्या तळघरात भरते. प्रभुभोजनाच्या वेळी येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचा प्याला हातोहात फिरतो. मनात पाप असताना तो घेतला तर माणूस आजारी पडतो, हे आम्हाला लहानपणापासून ऐकवलेलं. आई बरेच दिवस स्वतः काही न घेता ताट आणि प्याला तसेच माझ्या हातात देत होती. मला वाटायचं, पप्पांची आठवण येत असेल.

फेलोशिप चालवतात शांतवनकाका. आठवडाभर आयटीत, रविवारी उपदेश. वाईट माणूस नाही. आमच्या ड्राइव्हवेतला बर्फ न सांगता उपसून जाणारा माणूस आहे. पण पहिल्या केमोनंतर ते घरी आले आणि सोफ्यावर बसून म्हणाले, “मार्था, देवाला वाट मोकळी करून दे. काही अडकलंय का आत?”

“काखेत अडकलंय, काका,” मी म्हटलं. “डॉक्टर मोकळं करताहेत.”

“रिबेका, गप्प बस,” आई म्हणाली. पण काकांचा प्रश्न तिने ठेवून घेतला.

दुसऱ्या केमोनंतर आईच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या. याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. केमो कॅन्सरच्या पेशी मारते, सोबत रोगाशी लढणाऱ्या पेशीही मारते. घराला दार आहे, पण कडी नाही, अशी अवस्था. डॉक्टरांनी बजावलं होतं: गर्दी नको, सर्दीचं माणूस नको. ताप शंभराच्या वर सरकला की गोळी घेऊन दाबायचा नाही, तडक इमर्जन्सीत यायचं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, रविवारी, अख्खी फेलोशिप आमच्या घरी आली, आईवर हात ठेवून प्रार्थना करायला. बोलावलं होतं आईनेच, मला न सांगता.

मी दारात मास्कचा डबा आणि हात साफ करायची बाटली घेऊन उभी राहिले.

“काय गं, आम्ही काय घाण आहोत?” रूथकाकू, म्हणजे शांतवनकाकांची बायको, म्हणाल्या.

“नाही काकू. आईच्या पेशी कमी आहेत.”

“विश्वास कमी आहे म्हण.”

मागून नागपूरचा एक दादा रुमालात शिंकला. “ॲलर्जी आहे यार, सर्दी नाही.”

“जानेवारीत? बाहेर गुडघाभर बर्फ आहे, दादा. कशाची ॲलर्जी?”

लोक हसले. आतून आईचा आवाज आला, “येऊ दे त्यांना.” आणि ते आले. अर्ध्यांनी मास्क घेतले, अर्ध्यांनी खिशात घातले.

काकांनी परत तोच प्रश्न विचारला. आई डोक्याला स्कार्फ बांधून खुर्चीत बसली होती. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिने आजीचं सांगितलं. मी वाट बघत होते, की कोणीतरी म्हणेल, मार्थाताई, बसा, यात तुमचं काय चुकलं? सगळे कार्पेटकडे बघत होते. त्या खोलीत प्रत्येकाचं कोणी ना कोणी असंच तिकडे राहिलेलं होतं. मग काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एकामागून एक सगळ्यांचे हात तिच्यावर आले. शिंकणाऱ्याचाही.

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर आई तीन रजया घेऊन कुडकुडत होती. थर्मामीटर जागेवर नव्हता. तो तिच्या उशीखाली सापडला.

“किती आहे?”

“प्रार्थना झाली आहे. आता जे व्हायचं ते होईल.”

“आई, तू नर्स आहेस!”

“म्हणूनच मला माहीत आहे काय होईल ते.”

तिला कोट चढवला, ओढतच गाडीत बसवलं. रस्त्यावर बर्फाचा चिखल, प्रत्येक सिग्नल लाल. “मी पुढची केमो घेणार नाही,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “शिक्षा आहे. ती कमी करून कशाला घ्यायची?” मी काहीतरी ओरडले. काय ते आता आठवत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. इमर्जन्सीच्या खिडकीवर नाव-गाव सांगत बसू नका. पहिले शब्द, “केमो पेशंट, ताप आहे.” आम्हाला लगेच आत घेतलं.

आतल्या डॉक्टरने फार शब्द वापरले नाहीत. “ब्लड प्रेशर उतरतंय. सेप्सिस वाटतोय.” म्हणजे जंतुसंसर्ग रक्तातून अंगभर पसरतो आणि एकेक अवयव हात टेकायला लागतो. “अँटिबायोटिक चालू केलंय. आता बघायचं.”

बघायचं म्हणजे वेटिंग रूममध्ये बसायचं. भिंतीवर टीव्ही, त्यावर इराकचं युद्ध, आवाज बंद. मला प्रार्थना सुचेना. राग तेवढा सुचत होता.

प्रेशर सावरलं. ताप उतरायला लागला. आईच्या कॅन्सरच्या डॉक्टर आल्या तेव्हा तिने त्यांना सरळ विचारलं, “हा मलाच का झाला?”

त्या खुर्ची ओढून बसल्या. “कशाने धोका वाढतो, ते मी सांगू शकते. तुम्हालाच का, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. केमो पुढे चालू ठेवायची की नाही, ते मात्र शुक्रवारपर्यंत कळवा. त्यापेक्षा जास्त थांबलो तर गाठ आपल्यासाठी थांबणार नाही.”

त्या गेल्या आणि मी सुरू झाले. जन्मापासून अंध असलेल्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही. जुन्या करारात वर्षावर्षाला बळी द्यावे लागत. नव्यात एकदाच दिला गेला, येशूचा, आणि देवाने शब्द दिला की तो आपली पापं पुन्हा आठवणारसुद्धा नाही. “तो विसरलाय, आई. आणि तू त्याला आठवण करून देतेस, स्वतःचा जीव देऊन. म्हणजे येशूने दिलेला पुरला नाही, असंच ना?”

“पत्रक वाचतेस का गं?” आई म्हणाली. मग चादर वर ओढून घेत, “बरं, ते पाप नव्हतं. मग मला अजून रडू का येतं?”

पत्रकात या प्रश्नाला जागा नसते.

गुरुवारी दुपारी शांतवनकाका हॉस्पिटलात आले. एकटेच, मास्क लावून, दारातच थांबले. “आत येऊ? हात धुतलेत.”

“परत धुवा,” आई म्हणाली. “बोटांच्या मधे पण.”

ते सिंककडे गेले. आमच्याकडे पाठ करून खूप वेळ हात धूत राहिले आणि तसेच बोलले. “मार्था, माझी आई गेली तेव्हा मीही इथेच होतो. व्हिसा संपत आला होता. मी गेलो नाही. त्या रविवारी तू उभी राहिलीस, तेव्हा मला हे बोलायचं होतं.”

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“भीती वाटली, बेटा. सगळ्यांसमोर.”

आई त्यांच्या पाठीकडे बघत होती. “आणि तुम्ही प्रभुभोजन घेता? कसं घेता?”

पाणी बंद झालं. “स्वच्छ आहे म्हणून नाही घेत मी. नाही म्हणून घेतो. नाहीतर तो प्याला आहे कशाला?”

मग काकांनी कोटाच्या खिशातून द्राक्षरसाची सीलबंद बाटली काढली, आणि फॉइलमधली पोळी.

“रूथची पोळी नको,” आई म्हणाली. “दुसऱ्या घरून आलेलं मला चालत नाही सध्या. इथल्या जेवणाच्या ट्रेमधला ब्रेड घ्या. आणि सगळ्यांचा एक प्याला नको.” तिने टेबलाकडे बोट केलं. तिथे गोळ्या द्यायचे छोटे प्लॅस्टिकचे कप होते.

काकांनी त्या कपांत रस ओतला, ब्रेड मोडला, नेहमीचे शब्द म्हटले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. एक कप त्यांनी आईला दिला. मी सवयीने हात पुढे केला.

“हा माझा आहे,” आई म्हणाली, आणि प्यायली.

कप चुरगाळून तिने कचऱ्यात टाकला. “चुकलं ते चुकलंच,” ती म्हणाली. “रडूही येईल. पण त्यासाठी मरायचं काम आधीच कोणीतरी करून गेलंय. रिबेका, डॉक्टरांना फोन लाव. शुक्रवारची वाट कशाला बघायची?”

पुढे सगळ्या केमो झाल्या, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आधी आम्ही दोघी एकमेकींवर विनाकारण खेकसतो. केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. आई यंदा नगरला जाऊन आजीच्या कबरीवर फुलं ठेवून आली. माफी मागितलीस का, विचारलं तर म्हणाली, “गप्पा मारल्या.”

माझा राग पूर्ण गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही. पण त्या डॉक्टरांची, इमर्जन्सीतल्या नर्सची, आणि पाठ करून का होईना, खरं बोललेल्या एका माणसाची मी ऋणी आहे. हल्ली फेलोशिपमध्ये कोणी आजारी पडलं की काका अजूनही सगळ्यात आधी पोचतात, आणि दारातच विचारतात, “दवाखान्यात कोण घेऊन जातंय? गाडी काढू?”