वाऱ्यानं हललेली पाकळी

आमच्या नेकनूरच्या सोनारकाकांना सगळं गाव ‘उद्याकाका’ म्हणायचं. कधीही जा, दागिना ‘उद्या’ तयार असायचा. एका नवरीचं मंगळसूत्र तर मंगलाष्टकं सुरू झाल्यावर काकांच्या सायकलवरून मांडवात पोचलं होतं. वर आम्हालाच विचारायचे, "पोचलं का न्हाई?"

उशिराचं कारण म्हणजे त्यांचा नाद. साधी अंगठी त्यांच्याच्याने करवत नसे. कुणाला हरभऱ्याच्या घाट्याची, कुणाला कापसाच्या बोंडाची. नमुना पुस्तकातला चालत नसे, झाडावरचाच लागे. त्यामुळे बोंड फुटेपर्यंत गिऱ्हाइकाने थांबायचं. "शेतात आलं न्हाई ते सोन्यात कुठून येईल?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझी सोयरीक तेलगावला जमली, तेव्हा मी मोबाइलवर वाचून हट्ट धरला. माझा जन्म सप्टेंबरचा, म्हणून साखरपुड्याला नीलमचीच अंगठी हवी. काका खूश झाले. "जवसाचं फूल करू, माय. निळ्यात निळं." आता जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं. म्हणजे काकांचं काम रोज सकाळचे दोन तास! मी कपाळावर हात मारला.

खरी अडचण पुढेच होती. सासरच्या आत्याबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्या तडक दुकानात येऊन बसल्या. "नीलम म्हंजी शनीचा खडा. दोषी निघाला तर घराला साडेसातीच. अशा सोयरिकीचा आमाला पुन्हा इचार करावा लागंल." अंगठी गेली असती तरी चाललं असतं, पण तो मुलगा मला मनापासून आवडला होता.

काकांनी शांतपणे खडा निळ्या फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या दंडाला बांधला. "आठ दिवस मी बांधून बघतो, आत्याबाई. मला काय झालं तर खडा बी माझा, दोष बी माझा." सोनाराचा शब्द म्हणून आत्याबाई कबूल झाल्या.

साखरपुड्याला काका चक्क वेळेवर आले, अंगाभोवती शाल घट्ट लपेटून. "साधी शिंक आली न्हाई," त्यांनी आत्याबाईंना सांगितलं. अंगठी माझ्या बोटात गेली. मधोमध नीलम, भोवती पाच पाकळ्या, त्यातली एक जराशी वाकडी.

पुढे माहेरी गेले की मी त्या पाकळीवरून त्यांना चिडवायची. "काका, ही सरळ कधी करणार?"

"उद्या. आन् वाकडी न्हाई ती, वाऱ्यानं हलली हाय."

गेल्या वर्षी काका गेले. मी भेटायला गेले, तर काकूंनी माझा हात हातात घेऊन ती पाकळी चाचपली. "एका हातानं केलेली हाय ही. खडा बांधला त्याच्या तिसऱ्या दिशी दुकानाच्या पायरीवरून पडलेते. डावं मनगट मोडलं. म्या म्हणलं, काढा तो खडा, सांगा लोकांला. तर म्हणले, ढिली पायरी मीच उद्या-उद्या म्हणत बसवली न्हाई, त्याचा बोल खड्याला कावून? त्यापायी पोरीची सोयरीक मोडू का?"

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी त्या पाकळीवरून त्यांची थट्टा करत होते.

आत्याबाई अजून चारचौघींत सांगतात की आमचा खडा पारखून घेतलेला आहे. मी मान डोलावते. परवा अंगठी उजळायला बीडला गेले, तर तिथला कारागीर म्हणाला, "ताई, एक पाकळी वाकलीय. पाच मिनिटांत सरळ करून देतो."

मी म्हटलं, "उद्या."