बिजली, बाईले सांग

याकूबचाचा माणसाशी कधी सरळ बोलत नसत. त्यांना काही विचारलं की ते घोडीकडे तोंड करत आणि उत्तर तिला देत. आपण बाजूला उभं राहून ते ऐकायचं. पहिल्या भेटीत मी विचारलं, "इथे घोड्यावर बसायला शिकवता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घोडीच्या आयाळीत अडकलेल्या काड्या काढत ते म्हणाले, "बिजली, बाईले सांग, बसाले कोनी बी बसते. उतराले शिका लागते." मला वाटलं, गृहस्थ जरा विक्षिप्त आहे, दोन दिवसांत सरळ होईल. पुढची तीन वर्षं मी घोडीच्या मध्यस्थीने बोलत राहिले आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी चिडून घरी आले.

यवतमाळच्या कॉलेजात भूगोल शिकवायला आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. घोड्यावर बसायची हौस लहानपणापासूनची. नागपूरला नोकरीत असताना ती राहूनच गेली. इथे आल्यावर मी सरळ चौकशी सुरू केली. सहकाऱ्यांनी विषय बदलला. शेवटी एका ऑटोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "घोडे शिकोत नाही जी इथं कोनी. बारातीसाठी देते. याकूबचाचाकडं चाला." त्याने मला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी आणून सोडलं. कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या टिनाच्या शेडमध्ये एकेकाळी रुईचे ढीग लागत, तिथे आता चाचांचे तीन घोडे उभे होते. तबेला म्हणजे तेवढाच.

बिजली ही त्यांची आवडती घोडी. पांढरी, पण मळकट पांढरी, आणि वयाने माझ्या नोकरीएवढी. नाव बिजली असलं तरी तिला कुठेही जायची घाई नसे. चाचांची शिकवण्याची पद्धत अशी: सकाळी सात वाजता मी हजर व्हायचं. चाचांनी घोडीच्या नाकाशी तळहात धरायचा आणि विचारायचं, "क्या बेगम, चलना हाय?" तिने कान पुढे केले तर खोगीर चढायचं. मागे केले तर त्या दिवशीचा वर्ग रद्द. मग मी हातात खरारा घेऊन तासभर तिचं अंग घासायचं आणि घरी जायचं. पहिल्या दोन महिन्यांत तिने चार वेळा कान पुढे केले. मी एकदा भडकून म्हणाले, "चाचा, ही घोडी मला शिकवणार की मी हिची नोकर आहे?" ते शांतपणे घोडीला म्हणाले, "बिजली, बाईले सांग, कालिजात पोराईले मन नसते तरी बाई शिकोते. म्हनून तं पोरं झोपते." वर्गात माझी पोरं झोपतात हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

खोगीर एकच होतं, लग्नाचं. लाल मखमल आणि कडेने सोनेरी गोट. त्यावर मी सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून बसत असे. चाचा लगाम धरून पुढे आणि मी वर, अशी आमची स्वारी निघाली की रस्त्यावरच्या बायका ओट्यावर येत आणि विचारत, "काहो बाई, नवरदेव कुठं हाय?" मी मान ताठ ठेवून पुढे पाहत असे. पण खरा डोक्याला ताप पुढे होता. आमच्याकडे नवरदेव लग्नाला उभा राहण्याआधी घोड्यावरून मारोतीच्या दर्शनाला जातो. तिथे तो उतरतो, नारळ फोडतो, पाया पडतो आणि पुन्हा वर बसतो. बिजलीने आयुष्यभर हेच केलं होतं. त्यामुळे मारोतीचं देऊळ दिसलं की ती थांबायची आणि वरचा माणूस उतरून, नमस्कार करून पुन्हा बसेपर्यंत पाऊल उचलायची नाही. आमच्या त्या एका रस्त्यावर तीन मारोती होते.

टाच मारून पाहिली, लगाम ओढून पाहिला, गोड बोलून पाहिलं. बिजली ढिम्म. चाचा बाजूला उभे राहून बिडी ओढत. "चाचा, तिला सांगा ना!" मी ओरडायची. "बिजली, बाईले सांग, घोडीची सवय हाय, अन् बाईचे पाय धडधाकट हाय." मग मी रिकिबीतून पाय काढायची, खाली उतरायची, देवाला हात जोडायची, पुन्हा चढायची. चढताना हमखास गुडघा आपटायचा. जाताना तीनदा, परतीच्या वाटेवर आणखी तीनदा. मी देवभोळी नाही. तरी त्या तीन वर्षांत मारोतीला जेवढे नमस्कार माझे झाले, तेवढे माझ्या आईचेही झाले नसतील. दुसऱ्या वर्षापासून मी पर्समध्ये खोबऱ्याचा तुकडा ठेवायला लागले, कारण खोबरं मिळालं की ती जरा लवकर हलायची. माझी बडबड मात्र प्रत्येक देवळासमोर चालूच असे.

फुलसावंगीची गोष्ट आठवली की अजून अंगाला खाज सुटते. तीन वर्षांत मी दुडक्या चालीच्या पुढे गेले नव्हते. एकदा तरी घोडा चौखूर सोडायचा, एवढीच माझी इच्छा होती. एके दिवशी चाचांनी बिजलीला सांगितलं, "बाईले सांग, फुलसावंगीले माह्या साल्याकडं घोडं हाय, अन् मैदान तं एवढं मोठ्ठं. रविवारी नेतो." मी नवे बूट घेतले. भाड्याच्या टेम्पोतून आम्ही पोचलो. मैदान खरंच मोठं होतं. घोडं म्हणजे मात्र सहा महिन्यांचं शिंगरू निघालं, आईच्या पोटाखाली उभं. आणि टेम्पो आणला होता तो कडब्यासाठी. आमच्या बाजूला ज्याने त्याने कापूस नाहीतर सोयाबीन पेरलेलं. ज्वारीच नाही तर कडबा कुठून येणार? चाचांच्या साल्याने, बशीरभाईंनी, तेवढी दोन-तीन एकर ज्वारी धरून ठेवली होती. दिवसभर मी, भूगोलाची प्राध्यापिका, कडब्याच्या पेंढ्या उचलून टेम्पोत टाकत होते.

परतताना मी पेंढ्यांवर रागाने फुगून बसले होते. तरी विचारलंच, "आणि मैदान?" बिजली सोबत नव्हती. चाचांनी आजूबाजूला पाहिलं, मग टेम्पोच्या फळीवर थाप मारून ते त्या फळीलाच म्हणाले, "बाईले सांग, मैदान तं तिथंच राह्यते. कडबा संपते. मानसाले कापूस खाता येत नाही, अन् घोड्याले बी नाही. लोकाईले हे कायले समजत नाही?" त्या वर्षी वराती कमी झाल्या होत्या. गावोगावी सामुदायिक लग्नं लागत होती आणि तिथे घोडा कोणी बोलवत नव्हतं. हे मला माहीत होतं, पण मी त्या वेळी अंग खाजवण्यात गुंतले होते.

मग जिनिंगची जागा विकली गेली. शेड पाडून तिथे प्लॉट पडणार होते. चाचांचे गुडघेही जवळजवळ गेलेच होते. दोन घोडे त्यांनी ढाणकीच्या एका वरातवाल्याला दिले. बिजलीला दिलं नाही. तो वरातवाला घोड्याच्या पायाशी फटाके लावू देतो, वरून चाबूक मारतो, असं त्यांनी तिला माझ्यादेखत सांगितलं. ते स्वतः फुलसावंगीला बशीरभाईंकडे राहायला जाणार होते. बिजलीला तिकडे नेलं असतं तर बशीरभाई तिला गाडीला जुंपणार, हे नक्की होतं. ज्या घोडीने कधी ओझं ओढलं नाही, तिने म्हातारपणी पोती ओढायची, हे चाचांना सहन होत नव्हतं.

जायच्या आधीच्या रविवारी ते पहिल्यांदाच माझ्या कॉलेजच्या क्वार्टरवर आले. गुडघे धरत, बिजलीला घेऊन, चालत. माझ्या क्वार्टरमागे मोठं आवार होतं, एक कडुनिंब आणि कधीची रिकामी पडलेली स्कूटरची शेड. चाचांनी सगळं फिरून पाहिलं, शेडच्या टिनावर हात ठेवून पाहिला. मी चहा घेऊन बाहेर आले. तेव्हा ते घोडीकडे पाठ करून उभे राहिले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलले.

"बाई, इले तुमी ठेवा."

मी कप त्यांच्या हातात दिला. ते पुढे म्हणाले, "मी लय लोकाईले इच्यावर बसवलं. मारोतीपाशी सारे इले ओढते, मारते. तुमी बडबड करता, पन उतरता. एकदा बी हात उचलला नाही. म्हनून म्हनून राह्यलो."

मी बोलायला लागले. जागा नाही चाचा, हे क्वार्टर आहे, प्राचार्य काय म्हणतील, उद्या बदली झाली तर, आणि कडबा, आणि शेण कोण काढणार. भराभर बोलत होते. खरं एवढंच होतं की मला रविवारची घोडी हवी होती, सोमवारची नको होती. वरातीची घोडी दारात बांधून स्टाफरूममध्ये जायची माझी हिंमत नव्हती. बोलताना मी बिजलीच्या मानेकडे पाहत होते आणि तिच्या आयाळीतल्या काड्या काढत होते.

"बाई," चाचा म्हणाले, "मी तुमाले इचारलं. घोडीकडं काहून पाहून राह्यल्या?"

त्यांनी उभ्या उभ्या चहा संपवला, कप ओट्यावर नीट ठेवला आणि बिजलीची दोरी धरली. जाताना ते तिच्याशीही काही बोलले नाहीत.

वर्षभराने त्याच ऑटोवाल्याकडून कळलं की फुलसावंगीत चाचा गेले. मी पुढच्या रविवारी एसटीने तिथे पोचले. बशीरभाई भला माणूस. त्यांनी चहा दिला, चाचांच्या शेवटच्या आजाराचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "घोडी पाहाची हाय ना? बाजारात पोती टाकाले निघालो, चाला गाडीवर." बिजली गाडीला जुंपलेली होती. छातीवर पट्ट्याचे काळे घट्टे पडले होते. तिने मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. कान मात्र पुढे केले.

गावाबाहेर पारावर मारोती आहे. तिथे येताच गाडी थांबली. बशीरभाईंनी कपाळावर हात मारला. "पाहा, हे असं करते! साऱ्या गावात हसं होते माह्यं. चाबूक मारला तरी हालत नाही." त्यांनी चाबूक उचलला आणि मी त्यांचा हात धरला.

"बशीरभाई, तुम्ही उतरा."

"काहून?"

"उतरा हो! तिची सवय आहे, आणि तुमचे पाय धडधाकट आहेत."

ते हसत, कुरकुरत उतरले. मीही उतरले. त्यांनी सलाम केला, मी हात जोडले. पर्समधून खोबऱ्याचा तुकडा काढून मी बिजलीसमोर धरला. तिने तो सावकाश खाल्ला, तशीच सावकाश जशी नेहमी खायची. बशीरभाई पोती सारखी करायला मागे गेले होते. मी तिच्या कानाशी गेले. तिच्या आयाळीत काड्या होत्या, त्या काढल्या.

"बिजली," मी म्हणाले, "चाचाले सांग, जागा होती."