चंद्रिकेची बाजू

भवानी पेठेत वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, शिवून घ्यायची असली की लोक दुर्गाबाईंचं घर विचारत येतात. सोलापूरसारख्या चादरींच्या गावात वाकळ कोण शिवून घेणार, असं बाहेरच्याला वाटेल. पण आईची, सासूची जुनी लुगडी ट्रंकेत जपून ठेवलेली घरं इथेही पुष्कळ आहेत. दुर्गाबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओळ अशी सरळ की दोरी धरून मारल्यासारखी.

पूर्वी त्या एकट्या शिवत नसत. समोर चंद्रिका बसायची. दोन गल्ल्या पलीकडची, विणकराच्या घरातली, दुर्गाबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. जमिनीवर लुगड्यांचे थर अंथरायचे, दोघींनी समोरासमोरच्या कडांना बसायचं आणि टाके घालत मधे यायचं, अशी त्यांची रीत. चंद्रिका डावखुरी. तिचा टाका लांब आणि तिरका पडायचा.

"तुझा टाका बघ, गाडीखालनं निघालेल्या कुत्र्यागत पळतोय," दुर्गाबाई म्हणायच्या.

"पळू दे की अक्का. गिऱ्हाईक झोपायला वाकळ नेतंय, टाके मोजायला न्हाई."

वीस वर्षं गिऱ्हाइकांचं शिवल्यावर एकदा दोघींनी ठरवलं, एक आपल्यासाठी शिवायची. पहिली दुर्गाबाईंच्या घरी राहील, पुढली चंद्रिकेच्या. मधोमध हिरव्या इरकलीची पट्टी, दोन्ही अंगांना लाल-निळे चौकोन, एका अंगाला जसे तसेच दुसऱ्या अंगाला. दुर्गाबाईंच्या हातून तशी वाकळ पुन्हा झाली नाही. रात्री पांघरताना अंधारात नुसता हात फिरवला तरी कळायचं, ही आपली बाजू, ही चंद्रिकेची.

पुढल्या वर्षी हिवाळ्यात बचत गटांचं प्रदर्शन भरलं. दोघींनी विकायला दहा वाकळा नेल्या आणि ही नुसती दाखवायला. पुण्याहून आलेल्या एक मॅडम ती बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग दुर्गाबाईंच्या टाक्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "एवढी बाजू मशीनवर मारलीत का?" आणि दुसऱ्या बाजूवर हात फिरवत म्हणाल्या, "ही मात्र खरी हाताची. लगेच कळतं."

चंद्रिकेला हसू आवरेना. "घ्या अक्का! आयुष्यभर सरळ सरळ करून तुमी मशीन झालात की!" तिने शेजारच्या टेबलवालीलाही बोलावून सांगितलं, आणि पुन्हा हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती. स्वतःवरही ती अशीच हसायची.

दुर्गाबाईही तिथे हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र चंद्रिका कामाला आली तर, "आज काम न्हाय," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि दार लावून घेऊन त्यांनी वाकळ काढली, ब्लेड घेतलं आणि चंद्रिकेची बाजू उसवायला बसल्या.

त्यांचा मुलगा भारत कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे. तो सुट्टीला आला होता. "आई, चांगली वाकळ कशाला उसवतीस?"

"ढिली झालीया," त्या म्हणाल्या.

उसवलेल्या बाजूला त्यांनी आपले टाके घातले. झाल्यावर बघतात तर नवा दोरा पांढराशुभ्र, जुना पिवळसर. कुणालाही कळलं असतं. म्हणून मग स्वतःची बाजूही उसवली आणि तीही नव्या दोऱ्याने पुन्हा शिवली. दोनदा धुतल्यावर सुयांची जुनी भोकंही बुजली. वाकळ आता कुठूनही बघा, एकसारखी होती. येणारंजाणारं तोंडभरून कौतुक करायचं. दुर्गाबाईंना मात्र पांघरल्यावर पूर्वीसारखी झोप लागेना. वय झालं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

संक्रांतीला चंद्रिका तिळगूळ घेऊन दारात आली. दुर्गाबाईंनी तिळगूळ घेतला, दिला, आणि बस म्हणाल्या नाहीत.

"वाकळ बरी हाय न्हवं, अक्का?"

"हाय की," दुर्गाबाई म्हणाल्या.

पुढल्या संक्रांतीला त्या स्वतः जाणार होत्या. जाऊन सगळं सांगायचं, म्हणजे ती हसेल आणि विषय संपेल, असं त्यांच्या मनात होतं. दिवाळीनंतर चंद्रिकेला कावीळ झाली आणि आठवड्यात ती गेली. दुर्गाबाई तिच्या दारात बायकांच्या गर्दीत मागे उभ्या राहून परत आल्या.

महिनाभराने चंद्रिकेची मुलगी श्रावणी आली. हैदराबादला दिलेली, आईचं घर आवरायला थांबलेली.

"मावशी, अम्माची वाकळ बघायला आले."

"अम्माची?"

"दोघींनी मिळून केलेली ती. आमच्या घरात तिच्या हातचं एकसुद्धा न्हाई. सगळं गिऱ्हाइकांनी नेलं. आमी आपले बाबांच्या कारखान्यातल्या डागाळलेल्या चादरींत मोठे झालो." ती जरा हसली, अगदी आईसारखी. "अम्मा म्हणायची, अक्का बोलत न्हाई तर न्हाई. माझी बाजू रोज अंगावर घेऊन झोपती की. खरा राग असता तर कवाच कुणाला देऊन टाकली असती."

दुर्गाबाईंनी वाकळ आणून जमिनीवर अंथरली. दुसरं काय करणार होत्या? श्रावणी गुडघ्यांवर बसली. एका कडेवरून तिने बोटं फिरवली, मग उठून दुसऱ्या कडेला गेली. पुन्हा पहिल्या कडेला आली.

"मावशी, दोन्हीकडं सरळच हाय की."

कुठलीही एक बाजू तिची म्हणून दाखवता आली असती. ही शिवताना तिनं मुद्दाम सरळ टाका घातला, असं काहीतरी सांगता आलं असतं. पोरगी समाधानाने परत गेली असती. दुर्गाबाईंच्या ते ओठांवर आलंही होतं.

"उसवली मी तिची बाजू," त्या म्हणाल्या. "ती माझ्यावर हसली म्हणून."

आणि त्यांनी प्रदर्शनातलं सगळं सांगितलं.

"एवढ्यावरनं?" श्रावणीने विचारलं.

"एवढ्यावरनंच, बाई."

"अम्माला ठावं होतं?"

"न्हाय."

"बरं झालं," श्रावणी म्हणाली. ते कशासाठी बरं झालं, हे विचारायची दुर्गाबाईंना छाती झाली नाही.

"तू घेऊन जा ही," त्या म्हणाल्या. "हिच्यातली निम्मी लुगडी तिनंच आणल्याली."

"नको. सगळे टाके तुमचे हायत. नेऊन काय करू?" श्रावणी वाकळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती कुठल्या बाजूला बसायची, तेवढं दाखवा. मी घटकाभर तितं बसते आणि जाते."

दुर्गाबाई वाकळीभोवती फिरल्या. लाल चौकोन, निळे चौकोन, मधली पट्टी. या अंगाला तसंच त्या अंगाला. खाली वाकून त्यांनी एक कड चाचपली, मग दुसरी. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. श्रावणी वाट बघत उभी होती.

"न्हाय गं सांगता येत," दुर्गाबाई म्हणाल्या.